नानांच्या नावाची अभ्यासिका : ठरावापासून कोनशिलेपर्यंत

आमचे नाना, म्हणजे माझे धाकटे चुलते, कोल्हापूर जिल्हा पोलीस दलात पोलीस नाईक होते, म्हणजे शिपायाच्या वर आणि हवालदाराच्या खाली. १७ डिसेंबर २०११ च्या पहाटे गोव्याकडून येणाऱ्या रस्त्यावर नाकाबंदी चालू होती. दारूची एक गाडी थांबवायला नाना पुढे झाले आणि त्या गाडीनं त्यांना उडवलं. वय ३८. पोरगी पाचवीत, पोरगा बालवाडीत. २ जानेवारी २०२५ ला गावात त्यांच्या नावानं अभ्यासिका सुरू झाली. तेव्हापासून आणखी दोन घरांनी मला फोन करून विचारलं, की हे कसं केलंत, कुठं जायचं, किती खर्च येतो. फोनवर दर वेळी काहीतरी सांगायचं राहतं, म्हणून एकदा सगळं क्रमानं लिहून काढतोय.

सुरुवात झाली ती २१ ऑक्टोबर २०२३ ला. त्या दिवशी दर वर्षी पोलीस स्मृतिदिन असतो. १९५९ साली याच तारखेला लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्जला चिनी सैन्याच्या हल्ल्यात आपले दहा पोलीस जवान गेले, त्यांची ही आठवण. कोल्हापुरात कसबा बावड्याच्या रस्त्याला पोलीस मुख्यालयाच्या मैदानावर सकाळी संचलन होतं आणि आमच्यासारख्या घरांना निमंत्रण येतं. मागच्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून या वर्षीच्या ३१ ऑगस्टपर्यंत देशभरात कर्तव्यावर गेलेल्या सगळ्यांची नावं तिथं वाचतात. नाना डिसेंबर २०११ मध्ये गेले, त्यामुळे त्यांचं नाव २०१२ च्या यादीत आलं. तेव्हा काकीला उचलून न्यावं लागलं होतं. आता ती स्वतः सगळ्यांच्या आधी साडी नेसून तयार असते.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो. वेळेच्या अर्धा तास आधी पोचा, निमंत्रणपत्रिका जवळ ठेवा, आणि वयस्कर माणसाची सकाळची गोळी व काहीतरी खाणं घरीच होऊ द्या. नावांचं वाचन लांबतं. राज्यांमागून राज्यं, दलांमागून दलं येतात आणि महाराष्ट्र कधी येतोय याकडे सगळ्यांचे कान लागलेले असतात. ‘शोक शस्त्र’ असा हुकूम झाला की बंदुकांच्या नळ्या खाली जमिनीकडे जातात आणि जवानांच्या माना झुकतात. त्यानंतर हवेत फैरी झडतात. लहान पोरं बरोबर असतील तर त्यांना आधी सांगून ठेवा, दचकून रडतात. घर बदललं किंवा फोन नंबर बदलला तर तो मुख्यालयात कळवून ठेवा. आमच्या ओळखीच्या एका घराचं निमंत्रण जुन्या पत्त्यावरच जात राहिलं आणि त्यांचा समज झाला, की आपल्याला विसरले.

त्या दिवशी परत येताना नानांचे एक बॅचमेट, आता हवालदार आहेत, मला म्हणाले, ‘‘हितं आम्ही आठवतो रे दरसाल. पण तुमच्या गावात त्यांचं काय हाय?’’ खरंच काही नव्हतं. गावात दोन देवळांच्या पायऱ्यांवर देणगीदारांची नावं आहेत, एसटीच्या निवाऱ्यावर निधी देणाऱ्याचं नाव आहे. नानांचं नाव कुठंच नव्हतं.

दिवाळीनंतर मंडळाच्या पोरांपुढं विषय काढला. पोरांचा उत्साह असा, की त्यांनी त्याच रात्री स्टँडसमोरच्या चौकात पुतळा ठरवूनच टाकला. एक जण म्हणाला, ‘‘ओंबळेंचा मुंबईत चौपाटीवर हाय की! त्येबी आपल्याच बाजूचं, साताऱ्याचं. मग नानांचा का नको?’’ तुकाराम ओंबळेंचं नाव आमच्याकडे पोलीस भरतीच्या प्रत्येक पोराच्या तोंडी असतं. २६/११ च्या रात्री त्यांनी कसाबची बंदूक धरून ठेवली हे सगळ्यांना पाठ. एका पोरानं तर मोबाइलवर दाखवलं, की २०२१ साली ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या एका उडी मारणाऱ्या कोळ्याच्या जातीला शास्त्रज्ञांनी त्यांच्या नावावरून ‘आयसियस तुकारामी’ असं नाव दिलंय. यावर बराच वेळ चर्चा झाली, पुतळ्याचं राहिलं बाजूला.

मी चौकशी केली. ब्राँझच्या अर्धपुतळ्याला मूर्तिकारानं तीन लाखांच्या पुढचा आकडा सांगितला. पैशाचं एक वेळ जमलं असतं. पण आमच्या ग्रामसेवक भाऊसाहेबांनी खुर्चीवर बसवून नीट समजावलं. सार्वजनिक जागेत पुतळा बसवायचा तर राज्य शासनाचा २०१७ चा निर्णय आहे, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आधी मातीचा नमुना करून तो कला संचालनालयाकडून मान्य करून घ्यावा लागतो. आणि चौक म्हणजे रस्ता. रस्ता, पदपथ अशा ठिकाणी पुतळे किंवा बांधकाम होऊ देऊ नका, असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१३ चा आदेश आहे. भाऊसाहेब म्हणाले, ‘‘तुम्ही अर्ज द्या, मी नको म्हणत नाही. पण चौकाचा नाद सोडा.’’

मंडळाची पोरं नाराज झाली. विषय मिटवला तो काकीनं. जानेवारीतल्या ग्रामसभेआधी महिलांची वेगळी ग्रामसभा असते, तिथं बायकांनी पुतळ्याचं काढलं. काकी आजवर कधी सभेत उठून बोलली नव्हती. ती म्हणाली, ‘‘मला रोज गिरणीला जाताना त्यास्नी उन्हातान्हात उभं राहिल्यालं बघायचं न्हाई. जितेपणी काय कमी उभं राहिलेत व्हय?’’ बंदोबस्ताची ड्यूटी ज्या घरात असते त्या घरालाच हे कळेल. गणपती, जोतिबाची यात्रा, निवडणुका, मोर्चे. नानांच्या पायाच्या शिरा फुगलेल्या असायच्या आणि घरी आले की ते पाय भिंतीला उभे लावून पडायचे.

आम्ही सगळे पुरुष दोन महिने पुतळ्याची उंची ठरवत होतो आणि त्या घरच्या बाईला कुणी विचारलं नव्हतं. तुमच्याकडे असं काही करायचं असेल तर पहिली बैठक तिच्यापुढं घ्या.

मग जुन्या ग्रामपंचायत कार्यालयाची खोली पुढे आली. नवी इमारत झाल्यापासून ती बंद होती. आत तुटकी टेबलं आणि फवारणीचे पंप. गावातली वीस-पंचवीस पोरं-पोरी पोलीस भरतीची तयारी करतात. पहाटे रस्त्यावर पळतात आणि दिवसा अभ्यासाला बसायला जागा नसते म्हणून देवळाच्या मंडपात बसतात. अभ्यासिका हे काकीच्या पोरीनं सुचवलं. खोली ग्रामपंचायतीच्याच मालकीची, नमुना ८ ला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीला, तशी नोंद, त्यामुळे जागेचा प्रश्न एका झटक्यात मिटला. तुमची जागा ठरवण्याआधी तो उतारा काढून बघा. जागा गायरान असेल, जिल्हा परिषदेची शाळा असेल किंवा बांधकाम खात्याच्या रस्त्यालगत असेल, तर गावाच्या ठरावाला फारसा अर्थ उरत नाही.

२६ जानेवारी २०२४ च्या ग्रामसभेला गणपूर्ती झाली नाही. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांतला जो आकडा कमी तो लागतो. झेंडावंदन झालं, जिलेबी झाली आणि माणसं पांगली. सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, पण आयत्या वेळचे नवे विषय घ्यायला भाऊसाहेब तयार नव्हते, आणि आमचा विषय विषयपत्रिकेवर नव्हताच, आयत्या वेळीच मांडायचा होता. म्हणजे पुढच्या सभेपर्यंत थांबणं आलं. विषय लेखी द्या, सभेची नोटीस निघण्याआधी द्या आणि अर्जाची पोच घ्या.

१६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. आमच्याकडे मतदान ७ मे ला होतं, पण आचारसंहिता जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालली. नामकरणाचा विषय कुणी हातात घेईना. मी म्हटलं, तोवर कागद गोळा करू.

कागद कशाला, असं मलाही वाटलं होतं. सगळं गाव ओळखतं नानांना. पण ठरावात ‘कर्तव्यावर असताना मृत्यू’ असं लिहायचं तर त्याला आधार हवा, हे भाऊसाहेबांचं म्हणणं बरोबर होतं. उद्या कुणी विचारलं, की अमक्याच्या वडलांचं नाव का नाही दिलं, तर फाइलमध्ये उत्तर असलं पाहिजे. काकीच्या लोखंडी ट्रंकेत पेन्शनचे कागद, नेमणुकीचा १९९५ चा आदेश, वरिष्ठांचं शोकपत्र आणि कापडात गुंडाळलेलं पट्ट्याचं बक्कल निघालं. फिर्यादीची नक्कल मात्र नव्हती. मी पोलीस अधीक्षकांच्या नावे एक साधा अर्ज लिहिला, सेवेचा तपशील आणि मृत्यूविषयी दाखला मिळावा म्हणून. बारनिशीत, म्हणजे टपाल घेतात त्या टेबलावर, देऊन पोच घेतली. नाव, हुद्दा, बक्कल नंबर (पोलिसाचा खात्यातला ओळख क्रमांक), शेवटची नेमणूक आणि घटनेची तारीख अर्जात ठळक लिहा. पोलीस खात्यात जुना माणूस नावापेक्षा बक्कल नंबरावर लवकर सापडतो. दाखला यायला पावसाळा उजाडला, पण तो आला आणि त्यात ‘नाकाबंदी कर्तव्य’ हे शब्द स्पष्ट होते.

फिर्यादीच्या नकलेसाठी एका कार्यालयात मात्र फार ताटकळलो. जुना रेकॉर्ड आहे, बघू, साहेब बंदोबस्ताला गेलेत, पुढच्या आठवड्यात या. शेवटी माहितीचा अधिकार वापरला. जोडपत्र ‘अ’ मधला अर्ज, त्यावर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, आणि हवे असलेले कागद नेमके नावानिशी. नक्कल पानाला २ रुपये. उत्तराची मुदत ३० दिवस. ती उलटली तर २० रुपयांचं तिकीट लावून पहिलं अपील करता येतं. आम्हाला अपिलापर्यंत जावं लागलं नाही. उगाच ‘सर्व कागदपत्रे मिळावीत’ असं लिहू नका, तसल्या अर्जाला उत्तरही तसंच मोघम येतं.

ते कागद घरी आणले त्या रात्री मी एकट्यानं वाचले. पंचनाम्यात अंगावरच्या वस्तूंची यादी असते. शिट्टी, टॉर्च, पन्नासची एक नोट, आणि स्वेटर. तो स्वेटर आईनं विणलेला होता. काकीला मी पंचनामा दाखवला नाही, फक्त फिर्यादीचं पहिलं पान दाखवलं. तिच्या पोरीला सांगितलंय, की कागद माझ्याकडे आहेत, तुला वाटेल तेव्हा माग.

तारखेचाही गुंता निघाला. घरात सगळे ‘सोळाची रात्र’ म्हणतात, कारण नाना सोळाला संध्याकाळी डबा घेऊन निघाले होते. कागदावर वेळ मध्यरात्रीनंतरची, म्हणजे १७. दगडावर १७ घातली. घरी दिवस तिथीनंच करतो, त्यामुळे वाद झाला नाही.

जुलैअखेर पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली. आमच्याकडे भोगावतीचं पाणी शिवारात शिरलं आणि तीन आठवडे ग्रामपंचायतीत पंचनाम्यांशिवाय दुसरं काम नव्हतं. तिथं माझा विषय घेऊन जायची मलाच लाज वाटली.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव झाला. सूचक नानांचे शाळासोबती, अनुमोदक एक ताई. या वेळी मंडळाच्या पोरांनी घरोघरी जाऊन माणसं आणली आणि जिलेबी सभेनंतर वाटायची ठरवली, ही युक्ती कुठल्याही गावात चालेल. ठरावात आम्ही एक वाक्य मुद्दाम घालून घेतलं, की कोनशिलेवर दिवंगत पोलीस कर्मचाऱ्याखेरीज अन्य कोणाचेही नाव असणार नाही. यामागं कारण होतं. तोवर एका पुढाऱ्यानं फर्निचरचा सगळा खर्च उचलायची तयारी दाखवली होती, फक्त ‘संकल्पना’ म्हणून खाली नाव हवं होतं. आपल्याकडच्या कोनशिला बघा. उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख उपस्थिती, सरपंच, उपसरपंच, सर्व सदस्य, ठेकेदार, आणि ज्याच्यासाठी दगड कोरला त्याचं नाव शोधावं लागतं. ठरावात वाक्य असल्यामुळे मला कुणाला तोंडानं नाही म्हणावं लागलं नाही. ठरावाची प्रत दाखवली की झालं. भाऊसाहेबांनी एक प्रत गटविकास अधिकाऱ्यांना पाठवली, एक मला सही-शिक्क्यानिशी दिली.

दगड उद्यमनगरात करून घेतला. काळा ग्रॅनाइट, दोन फूट बाय दीड फूट. कोरायचा दर अक्षरावर होता आणि ‘कर्तव्य’ मधल्या रफाराचे आणि जोडाक्षराचे वेगळे पैसे धरायचे का, यावर कारागिरानं माझ्याशी दहा मिनिटं हुज्जत घातली. मग विचारलं, कुणाचं आहे. सांगितल्यावर त्यानं रफार सोडला, जोडाक्षर मात्र धरलं. सगळे मिळून ७,४०० रुपये. मजकूर मंडळाच्या पोरांना जोरदार हवा होता. काकी म्हणाली, ‘‘कोण हुतं आन् कसं गेलं तेवढं लिवा.’’ नाव, पोलीस नाईक, बक्कल नंबर, तारीख, आणि ‘नाकाबंदीच्या कर्तव्यावर असताना मृत्यू’. २०२२ मध्ये पोलीस नाईक हे पदच बंद झालं, आता शिपायाचा थेट हवालदार होतो. म्हणून एकानं हवालदार लिहायचं सुचवलं. पण माणूस ज्या पदावर गेला तेच पद लिहायचं, असं बॅचमेट हवालदारांनी ठामपणे सांगितलं. मजकुराचा नमुना कागदावर छापून घरच्या दोघातिघांनी वेगवेगळा वाचा. आमच्या पहिल्या नमुन्यात नाकाबंदीची ‘नाकेबंदी’ झाली होती. कागदावर ती फुकटात सुधारते.

फोटोचं प्रकरण जास्त त्रासाचं झालं. गणवेशातला चांगला फोटो एकच, ओळखपत्रावरचा. एका स्टुडिओनं तो मोठा करताना नाना चांगले तीन छटा गोरे केले, गालावरचा देवीचा वण पुसला आणि ओठ थोडे हसरे केले. पोराला वाटलं असेल, घरचे खूश होतील. काकीनं फ्रेम हातात घेतली, उजेडात धरली आणि विचारलं, ‘‘ह्ये कोण?’’ दुसरीकडे जाऊन नुसता मोठा करून घेतला. थोडा अस्पष्ट आहे. १,८५० रुपये फ्रेमसह.

रंगरंगोटी, वायरिंग, पंखे आणि दिवे यांना ३८,००० गेले. ग्रामपंचायतीच्या १५व्या वित्त आयोगाच्या निधीतून करायचं तर काम वार्षिक आराखड्यात आधी असावं लागतं, ते नव्हतं. अर्धे पैसे नानांच्या बॅचनं जमवले, उरलेले आम्ही भावकीत. टेबलं-खुर्च्या शाळासोबत्यांनी दिल्या. पावत्या सगळ्या एका फाइलमध्ये आहेत आणि ती फाइल अभ्यासिकेतच ठेवली आहे, कुणीही बघावी.

मनात होतं की २१ ऑक्टोबर २०२४ ला, स्मृतिदिनीच उघडायची. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. दगड तयार, फोटो तयार, आणि सगळं पोत्यात गुंडाळून आमच्या सोप्यात. मी फार चिडलो होतो. काकी शांत होती. तिनं एवढंच विचारलं, की परेडला जायचं का न्हाई? परेडला गेलो. त्या वर्षीच्या यादीत २१६ नावं होती. आमच्या शेजारच्या खुर्चीवर एक तरुण बाई लहान बाळाला घेऊन बसली होती, पहिल्यांदाच आली असावी. काकी सगळं वाचन संपेपर्यंत तिच्या पाठीवर हात ठेवून बसली. नंतर चहा घेताना तिला पेन्शनच्या कागदांचं काहीतरी बारीक-सारीक समजावत होती. काय ते मी ऐकलं नाही.

निकालानंतर तारीख ठरली ती २ जानेवारी. १९६१ साली याच दिवशी पंडित नेहरूंच्या हस्ते महाराष्ट्र पोलिसांना ध्वज मिळाला, म्हणून तो पोलीस स्थापना दिन. त्या आठवड्यात पोलीस ठाण्यांचे शाळा-गावांत कार्यक्रम असतातच, त्यामुळे आमच्या ठाण्याचे अधिकारी यायला तयार झाले. निमंत्रणाचं पत्र महिनाभर आधी द्या आणि आदल्या दिवशी फोन करा, बंदोबस्त कधीही निघतो. आमच्याकडेही मोठे साहेब येऊ शकले नाहीत. एक फौजदार आणि दोन शिपाई आले. त्यातला एक शिपाई आमच्याच तालुक्यातला, अशाच एका अभ्यासिकेत बसून भरती झालेला. दगडावरचा कपडा काकीनं काढला. भाषणं दोनच झाली आणि तीही छोटी, हे मंडळाच्या पोरांचं श्रेय.

आता खोली पहाटे पाचला उघडते. किल्ली दोन पोरांकडे आणि एका पोरीकडे असते. एका अकॅडमीनं पंखे वाढवून देतो, बाहेर फ्लेक्स लावू द्या, म्हणून विचारलं, त्यांनाही ठरावाची प्रत दाखवली. नव्या पोरांना दगड वाचून प्रश्न पडतो, की पोलीस नाईक म्हणजे काय, आणि मग जुनी पोरं खात्यातल्या हुद्द्यांची उतरंड त्यांना समजावतात. भरतीच्या पेपरात तेवढाच एक गुण.

वीजबिल मात्र डोक्याला ताप आहे. मीटर ग्रामपंचायतीच्या नावावर, बिल महिन्याला हजाराच्या आसपास, आणि पोरं म्हणतात उन्हाळ्यात वाढणार. आत्तापर्यंत भावकीनं भरलं. ते ग्रामपंचायतीनं कायमचं उचलावं असा लेखी विषय मी दिलाय, नोटिशीच्या आधी, पोच घेऊन. येत्या ग्रामसभेत तो पाचव्या नंबरला आहे. सभा तहकूब झाली तरी चालेल, तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही आणि या वेळी विषयपत्रिकेवर आम्ही आहोत.